हललं, उडालं, टेकलं, थांबलं

बाबा नागपूरला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सॉर्टर होते. निवृत्तीला पंचवीसहून जास्त वर्षे झाली, तरी त्यांची एक सवय सुटलेली नाही. मुंबईहून मी धरमपेठेतल्या घरी पोचले की ते पाण्याचा तांब्या पुढे करायचे, खिशातली छोटी डायरी काढायचे आणि विचारायचे, "बोल. हललं किती वाजता? उडालं किती वाजता? टेकलं? अन् थांबलं?" मी चार वेळा सांगायचे, ते त्या एका ओळीत लिहायचे, कोपऱ्यात तारीख घालायचे आणि डायरी परत खिशात जायची. त्यानंतर जेवण.

सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा. विमानातून उतरल्यावर कुणाला आठवते चाक कधी टेकले ते? पण बाबांचे म्हणणे साधे होते. "थैली गाडीत चढली म्हणजे डाक पोचली असं नसते पोरी. थैली कुठं किती वेळ पडून राहिली, हे ज्याला माहीत त्यालाच उशीर कुठं झाला ते समजते." आयुष्यभर पत्रांच्या मागावर राहिलेल्या माणसाचे ते बोलणे होते. मग मीही लिहू लागले. विमान फाटकापासून मागे सरकले की घड्याळ बघायचे. धावपट्टी सोडली की बघायचे. चाके टेकली की बघायचे. इंजिने बंद झाली आणि पट्टा बांधायची खूण विझली की शेवटचे.

पुढे कळले की बाबांनी आपल्या परीने शोधून काढलेली ही चार क्रियापदे विमानवाहतुकीच्या धंद्यात जगभर रूढ आहेत. आउट, ऑफ, ऑन, इन. फाटक सोडले, जमीन सोडली, जमिनीला टेकले, फाटकाला लागले. आजच्या प्रवासी विमानात दारे, पार्किंग ब्रेक आणि चाकांवरचा भार यांच्या संवेदकांवरून या चार वेळा आपोआप नोंदल्या जातात आणि रेडिओवरून कंपनीच्या कचेरीत पोचतात. वैमानिकाच्या उड्डाणतासांचा आणि इंधनाचा हिशेब, देखभालीचे वेळापत्रक, सगळे या चार आकड्यांवर चालते. फक्त प्रवाशाला ते सांगण्याची पद्धत नाही. त्याच्या तिकिटावर दोनच वेळा असतात, सुटण्याची आणि पोचण्याची, आणि त्या दोन्ही ठरवलेल्या, घडलेल्या नव्हेत.

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले अंतर किती? अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडले तर पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळची वाट सुमारे 683 किलोमीटर भरते. वैमानिक सागरी मैलांत मोजतो. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, तेव्हा त्याच्या लेखी हे 369 सागरी मैल. पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही महावर्तुळाचा तुकडा असते आणि सपाट नकाशावर ती वाकडी दिसते. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या पल्ल्यावर हा बाक डोळ्यात भरतो. मुंबई-नागपूर इतक्या अंतरावर तो इतका थोडा की नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तरी फरक कळू नये.

जमिनीवरून हेच अंतर वाढत जाते. कसारा घाट चढून, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत जाणारा लोहमार्ग 837 किलोमीटरचा आहे. लहानपणापासून मला तोच ठाऊक. संध्याकाळी मुंबईत विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचे आणि सकाळी वर्धा गेल्यावर केस विंचरायचे. 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला तो समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. म्हणजे आकड्यापुरता हवाई रेघेहून जेमतेम अठरा किलोमीटर जास्त. अर्थात ही तुलना सरळ नाही, कारण हा रस्ता भिवंडीजवळच्या आमणे गावाशी संपतो आणि तिथून दादरला पोचणे हा वेगळाच प्रवास आहे. तरी डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून रस्ता किती सरळ केला याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो. त्या रस्त्याने आठ तास लागतात. विमानाने तिकिटावर दीड तास, कधी पावणेदोन.

आता हा दीड तास कुठून आला ते पाहू, कारण 683 किलोमीटरमध्ये तो बसत नाही.

या मार्गावर बहुधा एअरबस 320 च्या कुळातले विमान असते. वर पोचल्यावर ते हवेच्या तुलनेत ताशी 830 किलोमीटरच्या आसपास चालते. भागाकार केला तर 49 मिनिटे येतात. पण विमान पूर्ण वेगाने चालते ते मधला थोडाच वेळ. पस्तीस हजार फूट चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुमारे दोनशे किलोमीटर मागे पडतात. उतरण्याचा ठोकताळा वैमानिक असा सांगतात की जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट सागरी मैल आधीपासून उतरू लागायचे. पस्तीस हजारांसाठी 105 सागरी मैल, म्हणजे पुन्हा सुमारे दोनशे किलोमीटर. चढणीचे दोनशे आणि उताराचे दोनशे वजा केले की समतल उड्डाणाला उरतात 280 किलोमीटर, अवघी वीस मिनिटे. या मार्गावरच्या हवाई सेविका जवळजवळ पळत पाणी का वाटतात, ते यातून कळेल. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली वेग 250 नॉटच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे ताशी साधारण 463 किलोमीटर. म्हणून प्रत्यक्षात उडालं ते टेकलं हा वेळ माझ्या डायरीत बहुतेकदा एक तास पाच ते एक तास वीस मिनिटांच्या दरम्यान येतो.

त्यातही पहिली काही मिनिटे उलट दिशेला जातात. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा समुद्रावरून येतो, तेव्हा वर्षाचा बराच काळ विमाने पश्चिमेकडे तोंड करून उडतात. नागपूर पूर्वेला आणि विमान निघते जुहूकडे. खिडकीतून आधी समुद्र दिसतो, मग पंख कलतो, किनारा पुन्हा खालून सरकतो आणि मग घाट. परत येताना मात्र हीच दिशा फायद्याची. पूर्वेकडून सरळ येऊन, घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून विमान धावपट्टीला लागते. त्या पत्र्यांखाली राहणाऱ्यांच्या बोलण्यात दर काही मिनिटांनी खंड पडतो, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या वेळेच्या बचतीत त्यांच्या शांततेचा वाटा आहे.

वर चढल्यावर जाणारी आणि येणारी विमाने वेगवेगळ्या मजल्यांवरून जातात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजारांचे मजले, तेहतीस हजार, पस्तीस हजार. पश्चिमेकडे येणाऱ्यांना सम, चौतीस हजार, छत्तीस हजार. म्हणजे दोघांमध्ये एक हजार फुटांचे अंतर. भारताच्या आकाशात हे अंतर 2003 च्या नोव्हेंबरपासून या उंचीवर लागू झाले, त्याआधी ते दोन हजार होते. एखाद्या स्वच्छ दुपारी मराठवाड्यावर कुठेतरी खिडकीबाहेर समोरून येणारे विमान क्षणभर चमकून जाते. दोघांचा वेग एकत्र धरला तर ताशी सोळाशे किलोमीटरहून जास्त, म्हणून ते दिसते न दिसते तोच गेलेले असते.

डायरीतल्या ओळी चार-पाच वर्षांच्या झाल्यावर बाबांनी एक दिवस मला दोन पाने उघडून दाखवली. जानेवारी आणि जुलै. "बघ," म्हणाले, "थंडीत तू लवकर येऊन राहिली अन् जाताना उशीर. पावसाळ्यात उलटं." फरक दहा मिनिटांच्या आतबाहेरचा होता, पण होता. विमान तेच, अंतर तेच. बदलला होता तो वारा.

हिवाळ्यात उत्तर भारतावर बऱ्याच उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड झोत वाहतो. त्याचा गाभा हिमालयाच्या दक्षिणेला असला तरी त्याची दक्षिणेकडची कड आपल्या अक्षांशांपर्यंत पोचते आणि विमानांच्या उंचीवर ताशी शंभर किलोमीटरच्या घरातला वारा असणे तेव्हा नवलाचे नसते. नागपूरला जाणाऱ्या विमानाला तो मागून रेटतो. 830 चे 930 होतात. परतताना तोच वारा छातीवर येतो आणि 830 चे 730 होतात. सगळे 683 किलोमीटर या वेगाने काटले असे धरले तर जाताना 44 मिनिटे आणि येताना 56. बारा मिनिटांचा फरक.

पावसाळ्यात हे चित्र पालटते. खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा ढग घेऊन येत असतो आणि वर, चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे दुसराच झोत सुरू झालेला असतो. उष्णकटिबंधीय पूर्वझोत. त्याचे शास्त्रीय वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले. पुढे ते भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले. या झोताचा गाभा आपल्या दक्षिणेला असतो आणि विमाने त्याच्या खालून जातात, म्हणून मार मोठा नसतो, पण दिशा बदललेली असते. जुलैत नागपूरहून मुंबईला येणाऱ्याला वरचा वारा मदत करतो. ती मदत मुंबईच्या पावसात आणि रांगेत वाहून जाते, ही गोष्ट निराळी. वारा शरीराला जाणवत नाही, खिडकीतून दिसत नाही, आणि दोन शहरे सहा महिने जवळ आणि सहा महिने लांब करत राहतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

सूर्याच्या हिशेबातही या दोन गावांत फरक आहे. त्यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडे जास्त अंतर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे नागपूरच्या डोक्यावर सूर्य मुंबईच्या सुमारे 25 मिनिटे आधी येतो. आपण दोन्हीकडे एकच घड्याळ लावतो म्हणून ते लक्षात येत नाही. पण 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असलेली, 1955 पर्यंत जपली होती. तेव्हाच्या दोन्ही गावांच्या घड्याळांनी हा प्रवास मोजला असता तर जाण्याचा आणि येण्याचा वेळ कागदावर कितीतरी वेगळा दिसला असता.

बाबांना खरे बोलते करायचे तर रातच्या डाकेचा विषय काढावा लागतो.

1949 साली, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे आणि चारही नागपूरला, सोनेगावच्या धावपट्टीवर, मध्यरात्रीच्या सुमारास एकत्र यायची. तिथे थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची पत्रे कलकत्त्याच्या विमानात, दिल्लीची मद्रासला जाणाऱ्यात. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्यात पोचायचे. त्याच वर्षी साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या, रस्ते अपुरे आणि फोन दुर्मीळ असलेल्या देशाने पोस्टकार्ड लिहिणाऱ्या माणसासाठी हे केले.

नागपूरच का? आकडे मांडले की उत्तर मिळते. नागपूरहून आजच्या विमानतळांपर्यंतची सरळ अंतरे अशी : मुंबई 683, दिल्ली सुमारे 850, चेन्नई सुमारे 905, कोलकाता सुमारे 985 किलोमीटर. चौघांना जवळजवळ सारख्याच वेळात गाठता येईल अशी दुसरी जागा देशात सापडणे अवघड. ही डाक नेणारे डाकोटा विमान ताशी 270-280 किलोमीटरने जायचे. मुंबईहून नागपूरला अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीन. मुंबईकर थोडा उशिरा निघू शकायचा, कलकत्तेकराला आधी निघावे लागायचे. विमानाचे पंखे आणि पत्रांच्या थैल्या यांच्यात वेळेचा ताळमेळ घालणारे हे वेळापत्रक मला अतिशय देखणे वाटते.

हा ताळमेळ माणसांनी जीव धोक्यात घालून सांभाळला. रात्रीचे उड्डाण, आजच्यासारखी साधने नाहीत. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री नागपूरहून निघालेला एक डाकोटा उड्डाणातच कोसळला. तेरा जण गेले, फक्त वैमानिक वाचला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशातल्या खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन रात्रीची डाक इंडियन एअरलाइन्सकडे आली होती.

बाबा नोकरीला लागले ते नंतर. तोवर डाकोटांची जागा मोठी विमाने घेऊ लागली होती. नवा पोरगा म्हणून त्यांना काही महिने रात्री सोनेगावला पाठवत. ते सांगतात ते असे. थंडीचे दिवस, अंगावर घोंगडी, कान आकाशाकडे. आधी आवाज, मग दिवा. कोणते गाव आधी आले यावर चहाची पैज. एखाद्या दिशेचा आवाज आला नाही की सगळे गप्प. उरलेली तीन विमाने थांबून राहायची, कारण एकाची थैली आल्याशिवाय दुसऱ्याची पुरी होत नसे. "एक लेट म्हणजे चारही लेट," बाबा म्हणतात. त्यांची चार वेळा लिहायची सवय तिथली आहे.

नागपूरला मध्य म्हणायची हौस इंग्रजांपासूनची. 1907 साली उभारलेला शून्य मैलाचा दगड शहराच्या मध्यात आहे, बाजूला चार घोडे. हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल अशी गावे किती मैल दूर ते त्याच्यावर कोरले आहे. आज शेजारी मेट्रोचे स्थानक आहे. पण माझ्या लेखी नागपूर खऱ्या अर्थाने देशाचे मध्य झाले ते त्या टपालाच्या रात्रींत, दगडावर नव्हे.

आता जमिनीवरच्या वेळेकडे येते. कारण लेखाचे खरे कारण ते आहे.

हवेतली सव्वा तासाची बाब तिकिटावर दीड-पावणेदोन तास कशी होते? विमान कंपनी वेळापत्रकात फाटक ते फाटक वेळ धरते. त्यात रांगेत उभे राहणे, धावपट्टीपर्यंत सरपटणे, उतरल्यावर जागा मिळण्याची वाट पाहणे आणि वर थोडी राखीव मिनिटे येतात. वेळापत्रकापासून पंधरा मिनिटांच्या आत असले तर विमान वेळेवर धरायचे, असा या धंद्यातला रिवाज आहे. वेळापत्रकच सैल केले की उशिरा निघालेले विमानही वेळेवर पोचते आणि घोषणा होते की आपण दहा मिनिटे लवकर आलो आहोत. प्रवासी टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांना बरे वाटते. मला ते आता पटत नाही. जी मिनिटे आधीच माझ्याकडून घेतली होती, तीच मला भेट म्हणून परत दिली जात असतात.

तरी सगळा दोष कंपन्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा सगळा संसार एका पट्टीवर. 8 डिसेंबर 2018 ला तिथे चोवीस तासांत 1,007 उड्डाणे आणि अवतरणे झाली. दीड मिनिटाला एकाहून जास्त, रात्रंदिवस. नियंत्रण मनोऱ्यातल्या माणसांच्या कौशल्याला मी हात जोडते. पण अशा ताणलेल्या दोरीवर एका विमानाने धावपट्टी सोडायला अर्धे मिनिट जास्त घेतले तरी मागची रांग थरथरते. फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी हवाई वाहतूक मंत्रालयानेच सांगितले की मुंबईवर विमानांना 40 ते 60 मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात. तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन धरले तर 40 मिनिटांच्या घिरट्यांत 1.7 किलोलिटर इंधन जळते, म्हणजे सुमारे 1 लाख 80 हजार रुपये, असा हिशेबही त्यांनी मांडला. त्यानंतर गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा तासाला 46 वरून 44 आणि एरवी 44 वरून 42 करायला लावली. आकडा छोटा वाटतो. रांगेत बसलेल्याला तो छोटा नसतो.

जुलैतली एक रात्र मी विसरू शकत नाही. बाबांच्या पोटात दुखू लागले, शेजाऱ्यांनी इस्पितळात नेले, रातोरात शस्त्रक्रिया करायचे ठरले. मला शेवटच्या विमानात जागा मिळाली. दार लागले, विमान हलले, आणि मग पाऊस आणि रांग. सत्तावन्न मिनिटे आम्ही जमिनीवर उभे होतो. पंखांवरून पाणी ओघळत होते, पुढे सात-आठ शेपट्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. काय चालले आहे ते सांगणारी घोषणा पहिल्या वीस मिनिटांनंतर झाली नाही. मी पोचले तेव्हा बाबांना आत नेले होते. ते सुखरूप बाहेर आले. शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी डायरी मागितली. मी चार वेळा सांगितल्या. हलल्यापासून उडेपर्यंतचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला आणि त्याच्याखाली रेघ मारली. त्या रात्री हवेतला वेळ एक तास आठ मिनिटे होता. वाऱ्याने, वैमानिकाने, विमानाने आपले काम चोख केले होते.

या मार्गावर असे प्रवासी रोज असतात. विदर्भातला रुग्ण मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जातो. मुंबईतला मुलगा वडिलांच्या अखेरच्या दर्शनाला जातो. नागपुरात मेंदूमृत झालेल्या दात्याचे हृदय मुंबईला न्यायचे तर काढल्यापासून रोपण होईपर्यंत हाताशी साधारण चार तास असतात. पोलीस इस्पितळ ते सोनेगाव रस्ता मोकळा करतात, मुंबईतही करतात, आणि मधले 683 किलोमीटर आकाशावर सोपवतात. तेव्हा मनोरा त्या विमानाला वाट काढून देतो. मनात आणले तर हे अंतर किती थोडे होते, ते अशा दिवशी कळते.

आणि या अंतराला राज्याचे राजकारणही आहे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भ मराठी राज्यात यायला राजी झाला, 1956 ला नागपूरची राजधानी गेली. तेव्हापासून विदर्भातल्या माणसाची मंत्रालयातली प्रत्येक फाईल म्हणजे मुंबईची एक खेप आहे. वर्षातून एकदा, हिवाळी अधिवेशनाला, मुंबई नागपूरला येते. त्या दिवसांत विमाने भरलेली, भाडी चढलेली. गोंदिया किंवा गडचिरोलीच्या माणसाला तर विमान पकडायलाच आधी काही तास रस्ता कापावा लागतो. त्याला तिकिटावरचा दीड तास काय कामाचा? दादरहून धरमपेठेपर्यंतचा माझा स्वतःचा हिशेब दारापासून दारापर्यंत सरासरी साडेपाच तासांचा आहे. त्यातला फक्त सव्वा तास मी हवेत असते.

काही गोष्टी बदलत आहेत. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांखाली थांबते. माझी चाळीस मिनिटे तिने वाचवली, हे कृतज्ञतेने नोंदवते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमाने सुटू लागली. सरळ रेघेत तो नागपूरला पंधरा-सोळा किलोमीटरने जवळ आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे एकमेकींना न छेदणाऱ्या, समांतर धावपट्ट्यांची आखणी आहे. रांग दोन ठिकाणी वाटली गेली तर दोन्हीकडे ती आखूड होईल, अशी आशा धरायला जागा आहे.

पण एक गोष्ट करायला नवी धावपट्टी लागत नाही. चारही वेळा प्रत्येक उड्डाणाच्या नोंदलेल्या असतात. त्या प्रवाशाला सांगाव्यात. तिकिटावर एकच गोळाबेरीज न छापता गेल्या तीन महिन्यांत या उड्डाणाला हवेत सरासरी किती आणि जमिनीवर किती वेळ लागला, असे दोन आकडे छापावेत. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मासिक अहवालात वक्तशीरपणा महानगरांच्या विमानतळांचा मोजला जातो. त्यात नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड यांचेही रकाने असावेत. बाबांच्या खात्यात साध्या पोस्टकार्डावरही जिथून निघाले तिथला शिक्का असायचा, जिथे पोचले तिथलाही, आणि दोन्हींवर तारीख. माणसाला तेवढा मान मिळायला हरकत नसावी.

बाबांची डायरी आता माझ्याकडे आहे. त्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाले, म्हणून ते विचारतात आणि मी लिहिते. वाचकांपैकी जे मुंबई-नागपूर जातात-येतात, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या खेपेला चार वेळा टिपून ठेवा. कधी हलले, कधी उडाले, कधी टेकले, कधी थांबले. तारीख लिहा, पाऊस होता का ते लिहा, आणि या अंकाच्या पत्त्यावर एका पोस्टकार्डावर पाठवून द्या.